हरलेल्याची साक्ष

आपल्या घरांतील तरुण मुले रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसून काय करतात, असे पालक धर्मगुरूला वारंवार विचारतात. पुष्कळदा उत्तर साधे असते: ती सामना खेळत असतात. अमरावतीच्या कॅम्पातील मुलगा अकोल्याच्या जठारपेठेतील मुलाशी, किंवा दोघे मिळून दूर देशीच्या कोणाशी. 'हा जुगार तर नव्हे ना, फादर?' ही पालकांची पुढची शंका. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ आणि स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्स यांत २०२५ च्या केंद्रीय कायद्याने स्पष्ट भेद केला आहे. पहिल्यांवर बंदी आहे, दुसऱ्यांना मान्यता आहे. २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पदकेही होती. तेव्हा सरसकट जुगार म्हणणे अन्यायाचे होईल. जागरणाविषयी मात्र मी पालकांच्याच बाजूचा आहे.

माझे कुतूहल खेळातल्या लढायांपेक्षा सामना संपल्यानंतरच्या एका लहानशा रीतीने अधिक चाळवले. लीगमधील सामना झाला की निकाल कळवावा लागतो आणि त्यासोबत 'रिप्ले फाईल' पाठवावी लागते. ही फाईल म्हणजे सामन्याचे चित्रीकरण नव्हे. 'एज ऑफ एम्पायर्स' किंवा 'स्टारक्राफ्ट' यांसारख्या खेळांत तिच्यात केवळ आज्ञांची नोंद असते: कोणत्या क्षणी कोणी कोणते सैन्य कुठे हलवले, काय बांधले, कशावर हल्ला केला. पंच ती फाईल आपल्या संगणकावर चालवतो, तेव्हा संगणक त्याच आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा पाळतो आणि सामना जसाच्या तसा नव्याने घडतो. खेळाची नवी आवृत्ती आली की जुनी फाईल बहुधा नीट चालत नाही. म्हणून ती वेळेत पाठवावी लागते. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. अशा खेळांत दोन्ही खेळाडूंचे संगणक संपूर्ण सामना आपापल्या ठिकाणी चालवीत असतात. त्यामुळे जिंकणाऱ्याजवळ जी फाईल असते, तीच हरणाऱ्याजवळही असू शकते.

'माझ्या शब्दावर विश्वास नाही का?' असे एखादा मानी मुलगा म्हणेल. आपल्या वऱ्हाडात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली नियंत्रणाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा कायद्यांत तो पहिला. (त्यामागे विलायतेतील गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा स्वार्थही होता, परंतु सरळ काटा स्वार्थातून आला तरी तो काटाच.) गाडीतला कापूस काट्यावर चढवताना शेतकरी व्यापाऱ्याला लबाड म्हणत नसतो. दोघांपैकी ज्याचा आवाज लहान, ज्याला बाजारात कोणी ओळखत नाही, त्याला काट्याचा आधार अधिक असतो. नवख्या खेळाडूने नामांकित खेळाडूला हरवले, तर रिप्ले नसताना त्याचे कोण ऐकणार?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला सद्सद्विवेकाच्या कसोटीचे काल्पनिक प्रसंग सोडवायला देत. त्याच धर्तीवर एक प्रसंग मांडतो. समजा, लीगचा नियम असा आहे की जिंकणाऱ्याने चोवीस तासांत रिप्ले पाठवावा, नाहीतर सामना बाद. अकोल्याचा मुलगा जिंकला. पण त्याच रात्री त्याचा संगणक बिघडला आणि फाईल गेली. अमरावतीचा मुलगा हरला आणि त्याच्याजवळ फाईल शाबूत आहे. त्याच्याकडे कोणी काही मागितलेले नाही. तो गप्प राहिला तर सामना बाद होईल आणि आधीच्या गुणांवर तोच पुढच्या फेरीत जाईल. त्याने ती फाईल पाठवावी का?

तो खोटे बोललेला नाही. पुरावा देण्याचा भार नियमाने दुसऱ्यावर टाकलेला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर नसावी, हे तत्त्व कायद्याने मानले आहे आणि ते चांगलेच आहे. एवढे सगळे त्या मुलाच्या बाजूने म्हणता येते, आणि बुद्धिमान मुलगा ते म्हणेलही.

तरीही त्याने फाईल पाठवली पाहिजे, असे माझे मत आहे. ते तत्त्व आरोपीला सत्तेच्या जुलमापासून वाचवण्यासाठी आहे. येथे आरोपी कोणीच नाही. हरणे हा गुन्हा नव्हे. किराणा दुकानदाराजवळची उधारीची चिठ्ठी उंदराने कुरतडली, म्हणून गिऱ्हाइकाचे देणे फिटत नाही. फक्त ते सिद्ध करणे अवघड होते. तसाच निकाल हा पुराव्याने निर्माण होत नाही. तो सामना संपला त्या क्षणी दोघांनाही ठाऊक झालेला असतो. जे दोघांना ठाऊक आहे, ते एकाचा संगणक बिघडला म्हणून नाहीसे झाल्यासारखे वागणे, ही शब्दांवाचून केलेली असत्याची साथ आहे.

बुद्धिबळाच्या जुन्या रीतीत ही गोष्ट नियमातच गुंफलेली आहे. पटावर समोरासमोर खेळताना दोन्ही खेळाडू सगळ्या चाली लिहितात आणि डाव संपल्यावर दोघेही दोन्ही नोंदपत्रिकांवर निकालासह सही करतात. हरलेला माणूस आपल्या पराभवाखाली स्वतःच्या हाताने नाव लिहितो. या सहीला मी फार मोठी गोष्ट मानतो. ई-स्पोर्ट्सच्या ज्या लीगमध्ये फक्त विजेत्याकडून फाईल घेतात, तेथे ही सही गळून पडली आहे.

नोंद मात्र सगळे सांगत नाही. २०१० साली दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट'च्या सामन्यांत मुद्दाम हरण्याचे प्रकरण उघडकीस आले आणि तेथील संघटनेने ११ खेळाडूंवर कायमची बंदी घातली. आपल्या संघाच्या रिप्ले फाईली सट्टेबाजांना पुरवल्याचा आरोपही त्या प्रकरणात झाला. हात काय करतो हे फाईल सांगते; तो हात जिंकू पाहत होता की हरू, हे सांगत नाही.

याच अपुरेपणाची दुसरी बाजू आपल्या जवळच्यांनी अनुभवली आहे. २०२० साली टाळेबंदीच्या काळात बुद्धिबळाचे ऑलिंपियाड ऑनलाईन झाले. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता आणि पुढे २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा १४ वर्षांची, संघात होती. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क निहाल सरिनविरुद्धच्या डावात तुटला. दोष आपल्या बाजूचा नाही असे आर्मेनियाचे म्हणणे होते. अपील फेटाळले गेले, आर्मेनियाने निषेध म्हणून पुढे खेळायला नकार दिला आणि भारत पुढे गेला. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामन्यात निहाल आणि दिव्या यांचाच संपर्क तुटला आणि वेळ संपून दोघे हरले. त्या दिवशी जगभर इंटरनेटच्या एका मोठ्या जाळ्यात बिघाड झाला होता. भारताने अपील केले, अपील समितीचे एकमत झाले नाही आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्काडी ड्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले.

त्या डावांतील प्रत्येक चाल नोंदलेली होती. वादाचा मुद्दा नोंदीबाहेर होता. दोन प्रसंग अगदी एकसारखे होते असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या वेळचा बिघाड साऱ्या जगाला दिसला, पहिल्या वेळचा तसा दिसला नाही. परंतु दोन्ही निर्णयांनी आपण सारख्याच सहजतेने आनंदलो, हे नाकारता येत नाही. आपला संपर्क तुटला की तो बिघाड आणि समोरच्याचा तुटला की ती त्याची चूक, असे मानणारे मन फक्त खेळाडूंचे नसते.

अकोल्यात ऐन डावात वीज जाते. फाईलमध्ये एवढेच उमटते की खेळाडू डाव सोडून गेला. समोरचा मुलगा ती फाईल पाठवून नियमाप्रमाणे विजय घेऊ शकतो, आणि त्यात असत्य काही नाही. पण वीज गेली असावी हे त्याला कळते, कारण अमरावतीतही ती जातेच. अशा वेळी डाव पुन्हा खेळू या, असे त्याने स्वतःहून म्हणावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. ती नियमात लिहिण्याजोगी मात्र नाही. लिहिली तर हरत आलेला प्रत्येक जण विजेचे नाव सांगू लागेल.

आपल्या तरुणांनी धर्मग्रामाधर्मग्रामांत असे सामने भरवले, तर त्यांना माझी एक सूचना आहे. फाईल दोघांकडून घ्यावी, आणि हरलेल्याकडून आधी मागावी. पंचाला त्या दुसऱ्या फाईलची तांत्रिक गरज बहुतेक वेळा पडणार नाही. तरी मागावी.