कधीपासून चाललंय?

चालू पूर्ण वर्तमानकाळाचं पान उघडलं की वर्गात ठरलेली वाक्यं घोटली जातात. 'इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग', नाहीतर 'शी हॅज बीन सिंगिंग फॉर टू अवर्स'. पोरं हॅव बीन, हॅज बीन पाठ करतात, क्रियापदाला आयएनजी लावतात आणि पेपर झाला की विसरतात. पूर्वी सुरू झालेलं आणि अजून न संपलेलं, ते या काळात सांगायचं. आता यवतमाळ जिल्ह्यात अशा गोष्टींची टंचाई आहे का?

निम्न पैनगंगा प्रकल्पाला प्रशासकीय मान्यता मिळाली 1997 साली. ओलिताची आशा लावून बसलेल्या शेतकऱ्याचं वाक्य होतं, 'वी हॅव बीन वेटिंग सिन्स 1997'. ज्यांचं घर-वावर बुडितात जाणार, ते म्हणतील, 'वी हॅव बीन अपोझिंग द डॅम फॉर इयर्स'. धरण एकच, काळही एकच, पण बोलणारे समोरासमोर उभे. पहिल्या वाक्यात सुरुवातीचं साल आहे म्हणून सिन्स, दुसऱ्यात किती वर्षं चाललंय ते आहे म्हणून फॉर. मराठीत दोन्हीकडे 'पासून'वर भागतं, वरून साधा चालू वर्तमानकाळही पुरतो. म्हणून 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स' हे वाक्य वहीत हमखास सापडतं. तांबड्या शाईचे गोल काढून ते सुटत नाही.

रेल्वेचंही तसंच. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. 'द रेल्वे हॅज रीच्ड कळंब', इथे काम उरकलं, म्हणून नुसता पूर्ण वर्तमानकाळ. पुढच्या रुळांसाठी मात्र हॅव बीन लेइंग. आणि आपली जुनी शकुंतला रेल्वे? ती धावायचीच थांबली, तिला भूतकाळाच्या धड्यात बसवावं लागेल.

एक खोच मात्र गाइडात कोपऱ्यात दडलेली असते. काही क्रियापदांना आयएनजी चालत नाही. देणं असणं, म्हणजे 'ओ', हे त्यातलंच. कर्ज वर्षानुवर्षं डोक्यावर असलं तरी 'हॅज बीन ओइंग' म्हणता येत नाही, 'ही हॅज ओड द बँक मनी फॉर सिक्स इयर्स' असंच म्हणायचं. फेडायला लागला की आयएनजी येतो: 'ही हॅज बीन पेइंग ऑफ द लोन'. व्याकरणाला कर्जदार आणि फेडणारा यांतला फरक कळतो. वसुलीला येणाऱ्या सगळ्यांनाच तो कळतो असं नाही.

'माय मदर हॅज बीन पिकिंग कॉटन सिन्स दिवाळी' हे वाक्य ज्या पोराच्या घरचं आहे, त्याला सिन्स वेगळा शिकवावा लागत नाही. वेचणी दिवाळीच्या आगेमागे लागते आणि संक्रांत उलटली तरी वावरात बोंडं उरतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तेव्हा गुरुजी, मॅडम, उद्या हा काळ शिकवायचा असेल तर सरावाची वाक्यं गाइडातून उतरवून देऊ नका. घरी जाऊन 'हे कधीपासून चाललंय?' एवढं विचारून यायला सांगा आणि मिळेल ते उत्तर इंग्रजीत लिहायला लावा.