भय, कर्तव्य आणि थळची मुले

भय वाटणे हा मुलाचा हक्क आहे आणि ते दूर करणे हे मोठ्यांचे कर्तव्य. ही व्यवस्था उलटली, मोठ्यांनी भयाचा आश्रय घेतला आणि कर्तव्य मुलांच्या खांद्यावर आले, तर त्या मुलांकडून कोणत्या नीतीची अपेक्षा करावी? अनिता देसाई यांच्या ‘द व्हिलेज बाय द सी’ (१९८२) या इंग्रजी कादंबरीने हा प्रश्न अलिबागजवळच्या थळ गावात उभा केला आहे. १९८३ साली तिला बालसाहित्याचा गार्डियन पुरस्कार मिळाला. परंतु तिच्यातील नैतिक पेच केवळ बालवाचकांसाठी नाही.

तेरा वर्षांची लीला आणि बारा वर्षांचा हरी. आई अंथरुणाला खिळलेली, बाप ताडीच्या आहारी गेलेला. लीला पहाटे समुद्रातल्या खडकाला फुले वाहते. आईसाठी आणलेला वैदू फुले जाळून त्यांची राख औषध म्हणून देतो. वरवर पाहता दोन्ही कृती एकाच श्रद्धेच्या वाटाव्यात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. फुले वाहून लीला घरी परतते आणि कामाला लागते. राख मात्र उपचाराची जागा घेते. जी श्रद्धा कर्तव्याला बळ देते आणि जी कर्तव्यापासून सुटका देते, त्यांतला हा भेद आहे. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करणारा कोळी त्यानंतर होडी आणि जाळे तपासतोच.

तथापि, वैदूला बोलावणाऱ्या मुलांना अंधश्रद्ध ठरवणे अन्यायाचे होईल. इस्पितळ अलिबागला, आणि तिथवर नेणारे मोठे माणूस घरात नाही. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो आवश्यकच होता. पण कायदा भोंदूला शिक्षा करतो. त्याने व्यापलेली रिकामी जागा दवाखान्यानेच भरावी लागते.

हरीचा पेच अधिक अवघड. खतकारखान्याविरुद्धच्या मोर्चाबरोबर तो मुंबईला जातो आणि तिथेच राहतो. बहिणींना मागे टाकून केलेले हे पलायन की कर्तव्य? मला वाटते, दोन्ही. भय संपल्यावर कर्तव्य सुरू होते, असे क्वचितच घडते. बहुधा ती एकाच पावलात असतात. हरी कमाई घेऊन परततो, म्हणून त्याचे जाणे क्षम्य ठरते. परंतु दरम्यानचे ओझे लीलेने वाहिले, हे विसरून त्याचे कौतुक करता येणार नाही.

दिल्लीत, आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतींत वावरणाऱ्या आपणा मराठी वाचकांना थळ दूरचे वाटेल. पण २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीला दूध पाजण्यासाठी याच राजधानीत रांगा लागल्या होत्या. समुद्र नसला म्हणून भय ओसरत नाही. तेव्हा मुलांच्या धैर्याचे गोडवे गाताना थोडे थांबावे. त्यांचे धैर्य हे अनेकदा आपल्या थकलेल्या कर्तव्याचे देणे असते, आणि ते फेडायचे आपल्यालाच असते.