डायलिसिसवरच्या रुग्णाची एकादशी

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, भगर, दाण्याची आमटी आणि केळी असे ताट वाढले जाते. त्या पंगतीला डायलिसिसवरचा माणूसही बसतो. तरुणपणापासून धरलेला उपास आजारपणात सोडला तर दोष लागेल का, हा प्रश्न त्याला बीपीच्या आकड्याइतकाच छळत असतो. त्याला अडाणीपणा म्हणून हसणे क्रूरपणाचे आहे.

आधी शरीराचे पाहावे. निरोगी मूत्रपिंडे रात्रंदिवस काम करतात. मशीनला त्यासाठी मिळतात आठवड्यातून साधारण तीनदा चार-चार तास. बहुतेकांची लघवी फार कमी झालेली असते, त्यामुळे मधल्या दिवसांत प्यालेले पाणी अंगातच साठते, रक्तदाब चढतो आणि त्या दाबाविरुद्ध झटून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. त्यात मीठ तहान वाढवते. साठलेले दोन-तीन लिटर पाणी काही तासांत काढताना बीपी एकदम कोसळते, तो हृदयावरचा वेगळाच ताण. डायलिसिसच्या रुग्णांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्याचे हे एक कारण. अमेरिकेतल्या सुमारे 32,000 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन दिवसांचा खंड पडला की त्यानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके वाढतात, असे त्यात दिसले.

उपासाचे ताट इथे अडचणीचे ठरते. साबुदाणा स्वतः निव्वळ पिष्ट; पोटॅशियम असते बटाट्यात, रताळ्यात, केळ्यात, खजुरात, शहाळ्यात, दाण्याच्या कुटात. ते रक्तात वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. सैंधव पवित्र मानले तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

आता शास्त्र. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. यातली पहिली चार या रुग्णाला मोजूनमापून घ्यावी लागतात. त्याच्या खऱ्या उपयोगाचे आहे ते औषध. पंढरपुरात राहणाऱ्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. मराठी घरांतल्या व्रतवैकल्यांवर या ग्रंथाची मोठी छाप आहे. अशक्त माणसाचे व्रत पुत्राने, पत्नीने, भावाने त्याच्या वतीने करावे, ही सोय या परंपरेतच आहे. एकादशीचे बंधनही आठ वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशी ओलांडलेल्यांना नाही.

म्हणजे सवलत जुनीच आहे, ती मोठ्याने सांगणारे कमी. कीर्तनकाराने फडावरून सांगावे, की डायलिसिसला बसणे हे औषध घेणेच आहे, म्हणून एकादशीसाठी किंवा वारीसाठी ते चुकवू नये. बीपीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी सांगितल्या तशाच राहाव्यात. रोज मोजून पाणी पिणारा, तहान लागली तरी पेला बाजूला सारणारा, लोणचे-पापड सोडलेला हा माणूस वर्षभर जो नियम पाळतो, त्याला व्रत म्हणायला धर्माची हरकत असण्याचे कारण नाही. उपास पत्नीने किंवा मुलाने धरावा. रुग्णाच्या ताटात आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेला भात एकादशीलाही पडावा, आणि वाढणाऱ्याने त्याबद्दल चेहरा पाडू नये.