नामरूपाचे सत्य

दिल्लीच्या टेकाडावरील ज्या हवेलीला बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांचे नाव लाभले, तिचा पूर्वीचा धनी, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर याने आपला भाऊ जेम्स याच्यासह १८१५ ते १८१९ या काळात हिंदुस्थानी चिताऱ्यांकडून खेडुतांची जी चित्रे काढविली, त्यांत महसुली दप्तराने केवळ रयत म्हणून ओळखलेला माणूस स्वतःच्या मुद्रेसह उभा आहे. नामरूप मिथ्या मानणाऱ्या वेदान्ताला ही चित्रे बाधक आहेत काय? मला तसे वाटत नाही. कारण सर्वांभूती ईश्वर पाहावयाचा, तर तो याच एका, पुन्हा न घडणाऱ्या चेहऱ्यात पाहावा लागतो. वाचकहो, अशा चित्रापुढे क्षणभर थांबावे. सामान्य माणसाकडे आदराने पाहणे हीदेखील उपासनाच होय.