मेलेल्यांची मोजदाद

चित्रपटावर मत देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद जुना आहे. ज्यांनी त्या कलेचे तंत्र अभ्यासिले त्यांनीच बोलावे. इतरांनी तिकिटाचे पैसे द्यावे, दोन घटका रमावे आणि मुकाट्याने घरी जावे, असे काहींचे म्हणणे असते. आम्ही या इतरांपैकीच. छायालेखन, संकलन यांतले बारकावे आम्हांस कळत नाहीत. रात्रीचे जेवण आटोपल्यावर घरातील मंडळी जो चित्रपट लावतील तो आम्ही पाहतो, आणि त्यांत युद्धपट व मारधाडीचे चित्रपटच अधिक असतात. परंतु ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही आमटी आंबली आहे हे कळतेच. पडद्यावर माणूस मारला जात असता आपल्या मनास जो आनंद होतो तो योग्य की अयोग्य, हा प्रश्न तंत्राचा नव्हे, नीतीचा आहे. नीतीच्या प्रश्नात सामान्य प्रेक्षकास मत असणे हा आमच्या समजुतीने केवळ अधिकार नसून कर्तव्य आहे.

हा विचार आमच्या डोक्यात शिरला तो एका मुलाच्या प्रश्नाने. घरी ‘डाय हार्ड’ हा १९८८ सालचा अमेरिकन चित्रपट चालू होता. लॉस एंजेलिसमधील एका उंच इमारतीत दरोडेखोर शिरतात आणि न्यूयॉर्कचा एक पोलीस एकटाच त्यांना एकामागून एक गारद करतो, एवढेच कथानक. रचना मोठी चतुर. क्षणभर कंटाळा येत नाही. नायकाच्या अनवाणी पायांत काचा रुततात तेव्हा आपण कळवळतो. दरोडेखोर मरतात तेव्हा मात्र हसतो. आमचा तेरा वर्षांचा पुतण्या शेजारी बसला होता. त्याने मध्येच विचारले, “काका, आत्ता मेला त्याचं नाव काय होतं?” आम्हांस सांगता येईना. नाव चित्रपटात आले होते की नाही, हेही आठवेना.

याच चित्रपटात पॉवेल नावाचा एक दुय्यम पोलीस आहे. पूर्वी एकदा अंधारात एका मुलाच्या हातातील खेळणे त्याला खरे पिस्तूल वाटले आणि त्याच्या गोळीने तो मुलगा मेला. तोही तेराच वर्षांचा. तेव्हापासून पॉवेलला कोणावर पिस्तूल रोखवत नाही. शेवटी एक दरोडेखोर नायकावर बंदूक उगारतो, तेव्हा पॉवेल पिस्तूल काढून त्याला ठार करतो. संगीत चढते, आणि पॉवेल आता बरा झाला असे आपणांस सुचविले जाते. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी त्याने गोळी झाडली यात आम्ही दोष पाहत नाही. दोष आहे तो त्या सूचनेत. हत्येने ज्याचे मन आजारी झाले त्याला हत्येनेच आराम पडावा, आणि त्या मेलेल्या मुलाचा हिशेब एवढ्याने चुकता व्हावा, हे औषध विलक्षणच म्हटले पाहिजे! त्या क्षणी घरातील मंडळींनी टाळ्या पिटल्या. खोटे कशाला सांगावे? आम्हीही पिटल्या.

यावर कोणी म्हणेल की हा खेळ आहे; बुद्धिबळातील प्याद्यांसाठी कोणी अश्रू ढाळतो काय? आक्षेप क्षुल्लक नाही. वीररसाच्या आस्वादासाठी शत्रू लागतो, आणि शत्रूच्या प्रत्येक घावाबरोबर आपण रडू लागलो तर वीररस उभाच राहणार नाही. परंतु प्याद्याला चेहरा नसतो, आवाज नसतो. चित्रपट माणसाला चेहरा व आवाज देतो, त्याला खरा भासवितो, आणि मग तो प्यादेच होता असे समजावयास सांगतो. ही सवय एकदा लागली म्हणजे ती पडद्यापुरतीच राहील, याची हमी कोण देणार?

याच्या उलट अनुभव आम्हांस आला तो ‘सेंट्स अँड सोल्जर्स’ या २००३ सालच्या युद्धपटाने. हा चित्रपट मॉर्मन मंडळींच्या चित्रपट-चळवळीतून निघालेला आहे. मॉर्मन हे नाव आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्यांस प्रथम भेटते ते बहुधा शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत, म्हणजे १८८७ साली, आणि तेही खलपुरुष म्हणून. १९११ साली डेन्मार्कमध्ये निघालेल्या ‘मॉर्मनांची शिकार’ अशा आशयाच्या मूकपटानेही तेच केले. वस्तुतः हा पंथ १८३० साली जोसेफ स्मिथ याने न्यूयॉर्क राज्यात स्थापिला. १८४४ मध्ये जमावाने त्याचा तुरुंगात खून केला, आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग याच्यामागून हे लोक यूटाच्या खोऱ्यात येऊन राहिले. पंथाने २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे टोपणनाव न वापरण्याची विनंती केली आहे. परंतु चित्रपटांच्या संदर्भात ते रूढ असल्याने आम्ही ते येथे ठेविले आहे. इतकी वर्षे इतरांनी रंगविलेले आपले चित्र पाहिल्यावर २००० सालच्या ‘गॉड्स आर्मी’ या चित्रपटापासून या समाजातील दिग्दर्शक स्वतःच्या कथा स्वतः सांगू लागले. त्यांतील पुष्कळशा कथा धर्मप्रसाराला निघालेल्या तरुणांच्या असतात आणि त्या घरच्या प्रेक्षकांपुरत्याच गोड वाटतात. ‘सेंट्स अँड सोल्जर्स’ मात्र परक्यालाही आपला वाटतो.

१७ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियममधील माल्मेदीजवळ जर्मन एस. एस. सैनिकांनी शरण आलेल्या ८४ अमेरिकन सैनिकांना गोळ्या घातल्या. त्या संहारातून निसटलेल्या मोजक्या शिपायांची ही कल्पित कथा आहे. त्यांतील एकाला सोबती ‘डीकन’ म्हणतात. तो कॉफी पीत नाही, सिगारेट ओढत नाही, आणि युद्धापूर्वी तो बर्लिनमध्ये धर्मप्रचारक होता. यावरून जाणत्याने काय ते ओळखावे. त्याचा पंथ चित्रपट नाव घेऊन सांगत नाही. हा संयम आम्हांस आवडला. डीकन अचूक नेमबाज आहे, परंतु त्याला झोप लागत नाही. कारण त्याच्या हातून अजाणता काही निरपराध स्त्रिया व मुले मेली आहेत.

पॉवेल आणि डीकन यांचे दुःख एकाच जातीचे आहे. दोन चित्रपटांनी त्याचे जे केले ते मात्र परस्परविरुद्ध आहे. एक जर्मन शिपाई पकडला जातो आणि तो बर्लिनमधला आपला ओळखीचा रूडी आहे हे डीकनला कळते. त्याला सोडावे तर तो शत्रूला बातमी देईल. मारावे तर माल्मेदीच्या त्या सैनिकांत व आपल्यात अंतर काय उरले? डीकन त्याला सोडून देतो. सोबती संतापतात, आणि त्यांचा संताप वेडगळ नाही. त्यांचेच जीव पणाला लागले आहेत. पॉवेल बरा होतो तो एक जीव घेऊन. डीकन ऋण फेडू पाहतो ते एक जीव सोडून. त्याने ते फिटते असेही चित्रपट म्हणत नाही. मेलेली मुले मेलेलीच राहतात, आणि डीकन स्वतःही युद्धातून परत येत नाही.

आता यूटातीलच एक दुसरी हकिकत पाहा. तेथील धर्मशील कुटुंबांना हॉलिवूडचे चित्रपट पाहावयाचे असत, परंतु त्यांतील नग्नता, शिव्या आणि रक्तपात नको असे. म्हणून २००० च्या सुमारास ‘क्लीनफ्लिक्स’ नावाचा एक धंदाच निघाला: प्रसिद्ध चित्रपटांतील असा भाग कापून ते भाड्याने द्यावयाचे. दिग्दर्शकांनी हरकत घेतली आणि २००६ साली कोलोरॅडोतील संघीय न्यायालयाने हा स्वामित्वहक्काचा भंग ठरविला. कायद्याचा निकाल लागला. नीतीचा लागला काय? मुलांना काय दाखवावे याची चिंता वाहणाऱ्या आईबापांची आम्ही थट्टा करणार नाही. पण ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटातील ओमाहा किनाऱ्याचा प्रारंभीचा प्रसंग घ्या. त्यातले रक्त काढले म्हणजे तो सोज्ज्वळ होतो की खोटा होतो? गोळी लागली आणि माणूस नुसताच आडवा झाला, तर गोळी लागणे ही किरकोळ बाब आहे असे मूल शिकणार नाही काय? गंमत अशी की ‘सेंट्स अँड सोल्जर्स’लाही अमेरिकन परीक्षकांनी प्रथम, सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून मज्जाव करणारे प्रमाणपत्र दिले होते, काटछाट केल्यावर ते सौम्य झाले. परीक्षक रक्त मोजतात. मेलेल्या माणसाच्या मागे काही उरले की नाही, हे मोजण्याचे माप त्यांच्यापाशी नाही.

येथे आमच्याच म्हणण्यातील उणीव सांगितली पाहिजे. युद्धाला खरोखर विरोध करणारा चित्रपट क्वचितच निघतो, कारण दाखविलेली प्रत्येक लढाई आकर्षक होऊन बसते, अशी शंका फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांनी बोलून दाखविली होती. ती खोडून काढणे आम्हांस जमत नाही. डीकनने बंदूक रोखली तेव्हा आम्हीही खुर्चीत पुढे सरकलो, आणि नेम अचूक लागावा असेच वाटले. शिवाय जो समाज आपले मेलेले भक्तिभावाने मोजतो, तो दुसऱ्याचे मोजतोच असे नाही. ११ सप्टेंबर १८५७ रोजी यूटामधील माउंटन मेडोज येथे मॉर्मन नागरी सैन्याने अभयाचे वचन देऊन सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. वाचली ती केवळ सतरा लहान मुले. त्या घटनेला १५० वर्षे झाली त्या दिवशी, २००७ साली, पंथाच्या एका ज्येष्ठ धर्माधिकाऱ्याने त्याच जागी खेद व्यक्त केला. दीडशे वर्षे हा काळ थोडा नव्हे. परंतु मोजदाद उशिरा झाली म्हणून व्यर्थ ठरत नाही, आणि ती टाळण्याचा मोह एका पंथालाच होतो असेही नाही.

आनंदवर्धनाने महाभारताचा मुख्य रस शांत म्हटला आहे. अठरा दिवसांच्या त्या रणधुमाळीनंतर हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण स्त्रीपर्व वाचले म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. युद्ध संपले आहे, आणि धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो: किती मेले? धर्मराज आकडा सांगतो. मग ज्यांना कोणी आप्त उरले नाहीत त्यांच्याही दहनाची आज्ञा तो देतो. व्यासांना ‘आता मेला त्याचे काय’ हे टाळता आले असते. विजयोत्सवावर पर्व संपविता आले असते. तसे त्यांनी केले नाही.

सामान्य प्रेक्षकाने मारधाड पाहू नये, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः पाहतो, आणि पुढेही पाहू. मात्र चित्रपट संपल्यावर ज्याची कोणी मोजदाद केली नाही त्याची आठवण निदान एकदा करावी. पुतण्याने विचारलेल्या त्या दरोडेखोराचे नाव आम्ही दुसऱ्या दिवशी शोधून त्याला सांगितले. तो म्हणाला, “मग काल टाळ्या का वाजवल्या?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला अजून दिलेले नाही.