ओळखीच्या चेहऱ्यापलीकडची दया



2013 साली सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्याखाली अभिनेते संजय दत्त ह्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा त्यांना माफी मिळावी म्हणून अनेक मान्यवर पुढे सरसावले. दया मागणे हे पाप नव्हे. पण ती ओळखीच्या चेहऱ्यापाशीच का थांबते? 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्धही झाला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत राहणाऱ्यासाठी कोण अर्ज करतो?

न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि थोराची भीड धरू नये, असे लेवीयच्या पुस्तकात बजावले आहे. शिक्षा सुडासाठी नसते. समाजाचे रक्षण व्हावे आणि गुन्हेगार सुधारावा, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

क्रूसावरील चोराने आपली शिक्षा रास्त असल्याचे कबूल केले. प्रभूने त्याला सुखलोकाचे वचन दिले, पण क्रूसावरून खाली उतरवले नाही. क्षमेने शिक्षा पुसली जात नाही आणि शिक्षेने क्षमेचे दार बंद होत नाही.

ह्या आठवड्यात घरच्या रोझरीत एका अनोळखी कैद्यासाठी आणि गुन्ह्याची झळ सोसणाऱ्या एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या.