पेन्शन कोणाच्या हक्काची?



पेन्शनचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामात दोन तट पडतात. एकीकडे शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी करणारे, दुसरीकडे रिक्षा चालवणारे, कंपनी बंद पडल्याने घरी बसलेले, घरकाम करणाऱ्या भगिनी. १४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले, तेव्हा ही दरी फार उघडी पडली.

जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, महागाई भत्त्यासह, मरेपर्यंत मिळते आणि त्यासाठी पगारातून काही कापले जात नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती नाही. त्यांचे दहा टक्के कापून, त्यात सरकारचा वाटा घालून पैसा बाजारात गुंतवला जातो. ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेल्या बाई आणि नोव्हेंबरमध्ये लागलेले सर एकाच वर्गाला शिकवतात, पण दोघांचे म्हातारपण वेगळे.

पक्षांविषयी थोडक्यात. केंद्रात ही नवी पद्धत २००४ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात आली, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीच्या. विरोधात बसले की कर्मचारी आठवतो, सत्तेत आले की तिजोरी. म्हणून झेंडे आपण दाराबाहेर ठेवू या.

संत थॉमस अक्वायनस न्यायाचे दोन प्रकार सांगतात: देणेकऱ्याने ठरलेले देणे, आणि समाजाने सामाईक संपत्ती योग्य रीतीने वाटणे. पेन्शन ही भीक नव्हे, ती मागे ठेवलेली मजुरी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये वृद्धापकाळाची पेन्शन कामगाराच्या हक्कांत गणली. २००५ नंतर लागलेल्यांना अटी ठाऊक होत्या, हे खरे. त्यांचे वचन कोणी मोडलेले नाही. मात्र बाजाराच्या चढउताराचा भार एकट्या म्हाताऱ्या माणसावर टाकू नये, हे त्यांचे म्हणणे आम्हाला रास्त वाटते.

यावर कोणी विचारतो, ‘रिक्षावाल्याच्या करातून मास्तरांना का द्यायचे?’ प्रश्न खोटा नाही. पण गरिबाचे नाव घेऊन मास्तरांना नाकारणाऱ्यांनी गरिबाला काय दिले? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधाराला महिना १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी त्यात केंद्राचा वाटा ७९व्या वर्षापर्यंत अवघा २०० रुपये. त्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत एवढ्यावर जगणारे कुटुंब दाखला मिळेपर्यंत जगावे कसे?

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालकाने पहाटे आलेल्यांचा ठरलेला दीनार कापून शेवटी आलेल्यांना दिला नाही. ठरलेले दिले, आणि ज्याला घर चालवायचे होते त्यालाही दिवसाचे पोट भरेल इतके दिले. दाखला येथवर लागू पडतो. पुढे अडचण आहे, कारण लोकशाहीत मळ्याचे मालक आपणच. दोघांनाही द्या म्हणणाऱ्याने आपण कोणता जादा कर भरू, हेही सांगायला हवे. संपाच्या घोषणांत ते ऐकू आले नाही, आणि प्रचारसभांत तर नाहीच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणि पाठोपाठ राज्य मंत्रिमंडळाने निम्म्या पगाराच्या हमीची योजना मान्य केली. संघटनेचे बळ होते म्हणून एवढे तरी झाले. १,५०० रुपयांवर जगणाऱ्या आजीने संप करायचा म्हटला, तर बंद कोणते काम ठेवणार?

श्रावणबाळचे अर्ज तहसीलदार कार्यालयात घेतात. कागदपत्रांची सवय असलेले आपले निवृत्त कर्मचारी अशा एखाद्या वृद्धासोबत जायला तयार असतील, तर मिस्सानंतर नावे द्यावीत.